मांडीतली गाठ, बायपॅप आणि गळ्याखालची कुरकुर: आधी काय, नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरेगाव तालुक्यातले ६१ वर्षांचे गृहस्थ, घरचे त्यांना अण्णा म्हणतात. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला आठ महिने गाठ वाढत होती. उसाच्या ट्रॉलीचा मुका मार बसला होता, त्यामुळे साकळलेलं रक्त असेल किंवा चरबीची गाठ असेल असं धरून नुसत्या सोनोग्राफीवर ती काढली. गाठ ९ सेंटीमीटरची निघाली आणि रिपोर्ट आला, ‘हाय ग्रेड स्पिंडल सेल सार्कोमा, कडा बाधित’, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतींचा आक्रमक कॅन्सर, आणि कापलेल्या कडेवरही त्याच्या पेशी. दहाव्या दिवशी ताप आणि धाप लागली. न्यूमोनिया म्हणून साताऱ्यात आयसीयूत दाखल केलं, बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) लावलं. तिसऱ्या दिवशी मान, गाल, पापण्या सुजल्या आणि कातडी दाबली की कुरकुरायला लागली. छातीत उजव्या बाजूला नळी घातली आहे. सीटीत फुप्फुसात दोन-तीन बारीक ठिपके दिसतात. मुलीनं तीन गोष्टी विचारल्या आहेत. कॅन्सर चेहऱ्यापर्यंत पोचला का? हे बायपॅपमुळे झालं असेल तर ते काढायला सांगू का? आणि अण्णांना उद्याच मुंबईला हलवू का?

पहिल्याचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. एका रात्रीत आलेली, दाबल्यावर कुरकुरणारी सूज ही गाठ नसते, ती कातडीखाली शिरलेली हवा असते. सार्कोमा असा रातोरात गालात आणि पापण्यांत पसरत नाही. चेहरा ओळखू येत नाही इतका फुगतो, डोळे मिटतात, आवाज नाकात बोलल्यासारखा होतो आणि घरच्यांचा धीर सुटतो. पण बहुतेक वेळा ही सूज स्वतः जिवावर बेतत नाही. जिवावर बेतते ती हवा जिथून गळते आहे आणि वाटेत जिथे अडकली आहे ती जागा. म्हणून चेहऱ्याकडे बघत बसण्यापेक्षा छातीतल्या नळीकडे आणि ती ज्या पाण्याच्या बाटलीत सोडली आहे त्या बाटलीकडे बघा.

हवा मानेत येते कशी ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांची भिंत जास्त ताणली की फाटते. बाहेर पडलेली हवा रक्तवाहिन्या आणि श्वासनलिकांच्या भोवतीच्या आवरणातून सरकत फुप्फुसाच्या मुळाशी जाते, तिथून दोन फुप्फुसांमधल्या जागेत, तिथून वर मानेत आणि मग कातडीखाली छातीवर, चेहऱ्यावर. कधी ती खाली पोटातही उतरते आणि एक्स-रेत पोटात हवा दिसते. आतडं फुटलं समजून पोट उघडायची घाई होऊ नये म्हणून ही शक्यता सर्जनच्या लक्षात आणून द्यावी लागते. हवेनं फुप्फुसाचं बाहेरचं आवरण फाडलं तर ती छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुस दबतं. अण्णांच्या उजव्या बाजूला हेच झालेलं दिसतं, म्हणून नळी.

आता बायपॅपचा दोष किती? बायपॅपचा दाब तसा बेताचा असतो. श्वास घेताना १२ ते २०, सोडताना ५ ते ८ सेंटीमीटर पाण्याइतका. एवढ्या दाबानं निरोगी फुप्फुस फाटत नाही. पण न्यूमोनियानं कडक झालेल्या फुप्फुसात काही भाग घट्ट बंद असतो आणि उरलेल्या थोड्या भागाला सगळा ताण सोसावा लागतो. त्यात रुग्ण स्वतः जोर लावून, मानेचे स्नायू ताणून श्वास ओढत असतो. मशीनचा दाब आणि रुग्णाचा जोर यांची बेरीज फुप्फुसावर पडते, आणि रुग्णाचा जोर मशीनच्या पडद्यावर दिसत नाही. खोकल्याची उबळ, मास्कशी झटापट, वर्षानुवर्षांची विडी किंवा चुलीचा धूर यांनी आधीच पातळ झालेल्या पिशव्या, हे सगळं त्यात मिळतं. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या रुग्णांत, बायपॅप आणि अगदी हाय फ्लोच्या, म्हणजे नाकातून जोरानं ऑक्सिजन देणाऱ्या, नळ्यांवर असतानाही, अशी हवा गळताना सगळ्या आयसीयूंनी पाहिली आहे.

म्हणून मास्क तुम्ही काढायला लावू नका. नळी नीट चालत असेल आणि त्यांना श्वासाला मदत हवीच असेल, तर बायपॅप कमी दाबावर चालू शकतं. जी गोष्ट चालत नाही ती अशी: छातीच्या पोकळीत हवा साठली आहे, नळी नाही किंवा तुंबली आहे, आणि तरी दाब चालू आहे. अशा वेळी प्रत्येक श्वासागणिक आत हवा कोंडते, फुप्फुस आणि हृदय एका बाजूला ढकललं जातं, रक्तदाब कोसळतो. एक्स-रेची वाट न बघता सुई घालून हवा सोडावी लागते. मोठ्या माणसात हल्ली चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीत, काखेच्या मधल्या रेषेच्या थोडं पुढे, साधारण ८ सेंटीमीटर लांबीची जाड सुई वापरतात. छातीवर सूज असताना आखूड सुई पोकळीपर्यंत पोचतच नाही. सुईनंतर लगेच नळी.

आयसीयूतल्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न नेमके ठेवा. नळीची सगळी भोकं छातीच्या आत आहेत का? नळी थोडी बाहेर सरकली आणि तिच्या बाजूचं एखादं भोक कातडीखाली आलं, तर नळीच कातडीखाली हवा सोडायला लागते. नळी घातल्यानंतर सूज वाढत असेल तर सगळ्यात आधी हेच तपासायचं, कारण हे एक्स-रेत दिसतं आणि लगेच दुरुस्त होतं. दुसरं, बाटलीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली होतं का? होत नसेल तर नळी मुडपली आहे, तुंबली आहे, किंवा फुप्फुस पूर्ण फुगलं आहे. यातलं काय ते एक्स-रे सांगतो. तिसरं, बुडबुडे कधी येतात? फक्त खोकल्यावर येत असतील तर गळती लहान आहे. मशीनच्या प्रत्येक श्वासाला येत असतील तर गळती मोठी. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही, सीटीला नेतानाही नाही. हे सांगून ठेवा, कारण स्ट्रेचर बदलताना बाटली सांडेल म्हणून चिमटा लावला जातो आणि लिफ्टमध्ये रुग्ण काळानिळा पडतो. बाटली कायम छातीच्या पातळीखाली, उभी, आणि आतल्या नळीचं टोक साधारण २ सेंटीमीटर पाण्यात बुडलेलं असावं.

सूज मोजायची सोपी रीत आहे. कुरकुर जिथे संपते तिथे पेनानं रेघ ओढायची, शेजारी वेळ लिहायची. चार तासांनी पुन्हा बघायचं. रेघ ओलांडली नाही तर गळती थांबत आली आहे. गळती थांबली की सूज काही दिवसांत आपोआप जिरते. पापण्या आधी मोकळ्या होतात, छातीवरची कुरकुर मागे रेंगाळते. वाढतच गेली, गिळता येईना, घशातून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज यायला लागला, छातीची कातडी ताठ झाली, तर गळपट्टीच्या हाडाखाली दोन्ही बाजूंना २-३ सेंटीमीटरची चीर देऊन किंवा कातडीखाली बारीक नळी ठेवून हवा बाहेर काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण हे छोटं काम आहे आणि तासाभरात चेहरा उतरायला लागतो. एक अडचण लक्षात असू द्या: कातडीखाली हवा असली की छातीची सोनोग्राफी निरुपयोगी होते, आणि झोपवून काढलेल्या एक्स-रेत पुढच्या बाजूला साठलेली हवा सुटते. शंका उरली तर सीटीच.

अण्णांना पुढे घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं, तर दोन आकडे विचारा. एक श्वासाचा आकार. तो प्रत्यक्ष वजनावर ठरवायचा नसतो, उंचीवर ठरवायचा असतो. पुरुषासाठी हिशेब असा: उंचीच्या सेंटीमीटरमधून १५२.४ वजा करा, ०.९१ नं गुणा, त्यात ५० मिळवा. १६५ सेंटीमीटर उंचीला ६१.५ किलो येतात. किलोमागे ६ मिलिलिटर धरले की साधारण ३७० मिलिलिटर. पोट सुटलेल्या ९० किलोच्या माणसाला वजन धरून ५४० मिलिलिटर दिले तर फाटलेलं फुप्फुस जुळायचं नाही. दुसरा आकडा प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास भरून क्षणभर थांबवल्यावर फुप्फुसात मोजलेला दाब. तो ३० सेंटीमीटर पाण्याच्या आत हवा. हवा गळत असेल तर त्याहून जितका कमी ठेवता येईल तितका बरा. २००० साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत एवढ्या एका बदलानं मृत्यूचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं होतं. महागडं औषध नाही, नवं मशीन नाही, फक्त उंची मोजणारी टेप.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, कारण ती उशिरा उगवते. घशात बरेच दिवस नळी राहिली आणि तिच्या टोकाजवळच्या फुग्यातला दाब ३० सेंटीमीटर पाण्याच्या वर गेला, तर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि बरं होताना ती जागा आकसते. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी धाप, श्वास घेताना शिट्टी. दमा समजून पंप दिले जातात आणि फरक पडत नाही. व्हेंटिलेटरवर राहून आलेल्या माणसाला असा ‘नवा दमा’ झाला तर घशातून दुर्बीण टाकून श्वासनलिका बघायला सांगा. फुग्याचा दाब २० ते ३० मध्ये ठेवायचा आणि पाळीगणिक छोट्या मीटरवर मोजायचा. बोटानं फुगा चाचपून अंदाज येत नाही.

कुरकुर कुठे आहे हेही महत्त्वाचं. मानेवर, छातीवर असेल तर ती फुप्फुसाची हवा. पण मांडीवर, टाक्यांच्या भोवती कुरकुर लागली, कातडी काळपट-जांभळी झाली, दुखणं दिसतं त्याच्या कितीतरी पट असेल आणि ताप असेल, तर तो वायू करणारा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याला सकाळपर्यंत थांबता येत नाही, तासाभरात सर्जन हवा. अण्णांच्या मांडीवर ताजी जखम आहे आणि सगळ्यांचं लक्ष छातीकडे आहे. पट्टी उघडून जखम रोज एकदा तरी पाहिली जाते का, ते विचारा.

या हवेचा आणि त्या गाठीचा संबंध असू शकतो का? असू शकतो, आणि हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. सार्कोमा रक्तातून पसरतो आणि त्याची पहिली जागा बहुतेक वेळा फुप्फुस. तिथल्या गाठी बऱ्याचदा फुप्फुसाच्या कडेला, आवरणाला चिकटून असतात. अशी गाठ आतून पोखरली गेली की तिथे भोक पडतं आणि हवा छातीत जाते. काही सार्कोमांत, विशेषतः डोक्याच्या कातडीवरच्या अँजिओसार्कोमात, फुप्फुसातल्या गाठी पातळ भिंतीच्या फुग्यांसारख्या असतात आणि आपणहून फुटतात. उपचार लागू पडूनही हे घडतं: गाठ मरते, पोकळ होते, फुटते. पॅझोपॅनिब या सार्कोमावरच्या गोळीच्या चाचणीत साधारण १०० मागे ३ रुग्णांच्या छातीत अशी हवा साठली होती. त्यामुळे सार्कोमाच्या रुग्णाला अचानक धाप लागली तर मास्क लावण्याआधी छातीचा एक्स-रे बघणं हा नियमच हवा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचं, कारण नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू कोंडलेल्या हवेत शिरून तिचा आकार काही मिनिटांत दुप्पट करू शकतो.

तरीही ते दोन-तीन ठिपके कॅन्सरचेच आहेत असं आज धरू नका. आपल्याकडे जुन्या क्षयाच्या बारीक गाठी असंख्य माणसांच्या फुप्फुसात असतात, आणि न्यूमोनिया चालू असताना काढलेल्या सीटीत बारीक ठिपके येतातच. ५ मिलिमीटरच्या आतल्या ठिपक्याबद्दल कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. सहा ते बारा आठवड्यांनी तोच सीटी, शक्यतो त्याच मशीनवर. वाढले तर संशय पक्का, जिरले तर न्यूमोनियाचे. आणि समजा कॅन्सरचे निघाले, तरी सार्कोमात मोजक्या गाठी असतील तर त्या काढता येतात आणि काही रुग्ण त्यानंतर वर्षानुवर्षं जगतात. दुसऱ्या अनेक कॅन्सरांत ‘फुप्फुसात गेला’ म्हणजे सगळं संपलं असं समजतात, तो हिशेब इथे तसाच लागू होत नाही.

आता गाठ. मऊ ऊतींचा सार्कोमा हा मोठ्यांच्या एकूण कॅन्सरांत जेमतेम १ टक्का, आणि त्यातही ७० हून जास्त प्रकार. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या सर्जनच्या हाताखालून शेकडो चरबीच्या गाठी जातात तेव्हा कुठे एखादा सार्कोमा येतो. चूक होते ती त्यामुळे, पण ती टाळता येते. ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी, किंवा स्नायूच्या आवरणाखाली खोल बसलेली, किंवा वाढत जाणारी, किंवा एकदा काढून पुन्हा आलेली गाठ, यातलं एकही लक्षण असेल तर आधी एमआरआय, मग जाड सुईची बायॉप्सी, आणि मगच सुरी. गाठ खोल आहे का हे हातानंही कळतं: रुग्णाला स्नायू आवळायला सांगा, गाठ जागेवर घट्ट बसली किंवा नाहीशी झाली तर ती खोल आहे. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक सार्कोमा सुरुवातीला दुखतच नाहीत. मुका मार लागलेला आठवतो कारण त्या निमित्तानं हात मांडीकडे जातो आणि गाठ सापडते. साकळलेलं रक्त आठवड्यागणिक कमी व्हायला हवं. दीड-दोन महिन्यांनी तेवढंच असेल किंवा वाढलं असेल, तर ते रक्त आहे असं समजून लेप, शेक, मालिश करत राहणं धोक्याचं.

सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती सांगली-साताऱ्यात घरोघरी आहे आणि ती खूप नुकसान करते. १४ किंवा १६ गेजच्या सुईनं, पुढच्या ऑपरेशनच्या चिरेच्या रेषेतूनच, चार-सहा तुकडे घेतले तर त्या वाटेनं पेशी सांडण्याचा धोका फार कमी असतो, आणि ती वाटही नंतर गाठीबरोबर कापून काढली जाते. पेशी खऱ्या सांडतात त्या न ओळखता गाठ सोलून काढताना. सार्कोमाला दिसतं ते कवच त्याच्याच दाबलेल्या पेशींचं असतं. सर्जनला वाटतं गाठ सुरेख सुटून आली, आणि कवचाचा बाहेरचा थर मांडीतच राहतो. अशा रुग्णांत दुसऱ्यांदा ऑपरेशन केल्यावर साधारण एक तृतीयांश ते निम्म्याहून जास्त जणांच्या मांसात कॅन्सर शिल्लक सापडल्याचे अहवाल आहेत. अण्णांच्या रिपोर्टात तर कडा बाधित असं लिहिलंच आहे, म्हणजे काहीतरी राहिलं आहे असं धरूनच पुढे जायचं.

याचा अर्थ उद्याच मांडी पुन्हा उघडायची असा नाही. फुप्फुसातून हवा गळत असताना मोठी भूल द्यायची नसते. पण अण्णा आयसीयूत असताना कागदाची कामं तुम्ही सुरू करू शकता, आणि यातच महिना वाचतो. ज्यांनी गाठ काढली त्यांच्याकडून ऑपरेशनची सविस्तर नोंद घ्या. तिच्यात चार गोष्टी हव्यात: गाठ अखंड निघाली की तुकड्यांनी, स्नायूच्या आवरणाच्या वर होती की खाली, शिरेला किंवा मज्जातंतूला चिकटली होती का, ड्रेनची (जखमेतलं रक्त-पाणी काढणारी) नळी कातडीतून कुठे बाहेर काढली. ड्रेनची जागाही पुढच्या ऑपरेशनला कापावी लागते. ती चिरेपासून लांब असेल तर मांडीचा तेवढा मोठा भाग जातो. चीर मांडीला आडवी असेल तरी तेच. भांडण करू नका, नोंद मिळवा. ऑपरेशनपूर्वीच्या सोनोग्राफीच्या प्रती आणि मांडीचा मोबाइलवर काढलेला जुना फोटो असेल तर तोही जपा.

पॅथॉलॉजी लॅबमधून नुसता रिपोर्ट नको, मेणाचे ब्लॉक आणि स्लाइडही मागा. तो तुमचा हक्क आहे. ‘स्पिंडल सेल’ हे फक्त पेशींच्या आकाराचं वर्णन आहे, त्यात दहा-वीस वेगवेगळे आजार बसतात. नेमकं नाव ठरतं ते ब्लॉकमधून नवे काप घेऊन त्यावर खास रंग करून. सायनोव्हियल सार्कोमा असेल तर एसएस-१८ जनुकाची जोडतोड सापडते, लायपोसार्कोमाच्या काही प्रकारांत एमडीएम-२ जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. नावावरून औषध बदलतं, आणि तपासणीही. मिक्सॉइड लायपोसार्कोमा निघाला तर पाठीच्या कण्याचा एमआरआय करावा लागतो, कारण तो फुप्फुस सोडून कण्यात आणि चरबीत जातो, आणि किरणांना इतर सार्कोमांपेक्षा चांगला विरघळतो. ग्रेडसाठी तीन गोष्टींचे गुण मिळवतात: पेशी मूळ ऊतीसारख्या दिसतात का, विभाजन किती, मृत भाग किती. बेरीज २-३ आली तर ग्रेड १, ४-५ ला ग्रेड २, ६ ते ८ ला ग्रेड ३. रिपोर्टात हे तीन आकडे आणि कड मिलिमीटरमध्ये लिहून मागा. ब्लॉक मेणाचे असतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. डबीत घालून हातात न्या.

उपचाराचा क्रम सार्कोमा रोज बघणाऱ्या चमूनं ठरवावा: सर्जन, किरणोपचाराचे आणि औषधोपचाराचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एका टेबलावर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हाडं आणि मऊ ऊतींच्या कॅन्सरचा स्वतंत्र गट आहे. ढोबळ चित्र असं. अण्णांची छाती सावरायला तीन-चार आठवडे जातील. तोवर मांडीची सूज आणि साठलेलं रक्त ओसरून एमआरआय वाचण्यासारखा होईल. मग दोन वाटा. एक, आधी किरणं: ५० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), २५ बैठका, ५ आठवडे, आणि चार-सहा आठवड्यांनी जुन्या जखमेसकट सगळा भाग कापणं. दुसरी, आधी ऑपरेशन आणि मग ६० ते ६६ ग्रे. आधी किरणं दिली तर जखम चिघळण्याचं प्रमाण दुप्पट असतं, कॅनडातल्या चाचणीत १७ च्या जागी ३५ टक्के. पण एकूण किरण कमी, किरणांचं क्षेत्र लहान आणि पुढे पाय कडक होणं, सुजणं कमी. अण्णांना चालत शेतावर जायचं असेल तर आधी किरणं देण्याची बाजू वजनदार आहे, माझा कल तिकडेच आहे. पाय कापावा लागेल का, हे घरात कुणी बोलायचं धाडस करत नाही म्हणून सांगतो: मांडीच्या सार्कोमात हल्ली बहुसंख्य रुग्णांचा पाय वाचतो. मुख्य रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही गाठीत गुरफटले असतील तरच तो विचार येतो.

किरणांच्या पंचवीस बैठका मुंबईत राहूनच घ्यायला हव्यात असं नाही. आराखडा तिथे ठरवून किरणं कराड, मिरज किंवा साताऱ्यात घेता येतात, फक्त आराखडा लिखित हवा. ऑपरेशन मात्र सार्कोमाचं काम नेहमी करणाऱ्या हातानंच. केमोची गरज पडली तर डॉक्सोरुबिसिन हे मुख्य औषध, एकटं दिलं तर शरीराच्या चौरस मीटरमागे ७५ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. आधी हृदयाचा इको. छातीतली नळी निघून जंतुसंसर्ग पूर्ण जाईपर्यंत केमो नको, नाहीतर पांढऱ्या पेशी उतरल्यावर तोच न्यूमोनिया उलटतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (या योजनेचं काम बघणारा माणूस) शिधापत्रिका आणि बायॉप्सीचा रिपोर्ट आजच दाखवून ठेवा, मंजुरीला तेच दोन कागद आधी लागतात.

तिसरा प्रश्न, उद्या हलवायचं का. नाही. सार्कोमासाठी कुणालाही बायपॅपवर, गळत्या फुप्फुसासह मुंबईला नेण्यात काही मिळत नाही. तिथेही आधी छातीच बरी करतील. हलवायचं ते साताऱ्यात छातीचा इलाज अपुरा पडला तर, आणि तेही पुण्याला किंवा कराडला, जिथे छातीचे सर्जन आहेत. पाच-सात दिवसांनीही बाटलीत सतत बुडबुडे येत राहिले तर त्यांचं मत घ्यायलाच हवं. नेताना हिशेब करून निघा. मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन लागत असेल तर पुण्यापर्यंतच्या तीन तासांना १८०० लिटर. खंबाटकीत किंवा कात्रजला गाडी अडकते, म्हणून दुप्पट धरा, ३६०० लिटर. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये १५०० लिटर असतात, म्हणजे तीन भरलेले हवेत. जंबोत ७००० असतात, तो एक पुरतो. सिलिंडर भरला आहे हे ड्रायव्हरच्या शब्दावर धरू नका, मीटरचा काटा बघा. बायपॅपची बॅटरी किती वेळ चालते आणि गाडीतला प्लग चालू आहे का, हे रुग्ण आत घेण्याआधी तपासा. छातीची नळी टाके आणि चिकटपट्टीनं पक्की, बाटली पायाशी, चिमटा लावलेला नाही, आणि जाड सुई डॉक्टरांच्या खिशात. निघण्याआधी तासाभराच्या आतला एक्स-रे.

पुढे सगळं मार्गी लागल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी मांडीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी, पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. अण्णांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत दोन ओळी लिहून ठेवा: ‘मांडीचा सार्कोमा’ आणि ‘उजव्या फुप्फुसातून हवा गळली होती, तारीख अमुक’. रात्री-बेरात्री धाप लागून जवळच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तर मास्क लावण्याआधी ड्युटीवरच्या डॉक्टरांना ते पान दाखवा आणि एक्स-रे काढायला सांगा.